विश्लेषण : तीन नाणी, सहा रेघा... चीनच्या ‘यी चिंग’ला प्रश्न विचारावा का?

नोकरी बदलावी का, भागीदारी तोडावी का, ठरलेले लग्न पुढे ढकलावे का? अशा प्रश्नांवर तीन नाणी सहा वेळा टाकून उत्तर शोधण्याची जुनी चिनी पद्धत आता मोबाइलवर एका टिचकीसरशी उपलब्ध आहे. ‘यी चिंग’ या ग्रंथावर आधारलेली ही पद्धत शिकायला दहा मिनिटे पुरतात. त्यामुळेच ती करून पाहणारे बरेच असतात आणि तिच्या उत्तरावर विसंबून निर्णय घेणारेही. नाण्यांना भविष्य कळत नाही, हे आधीच सांगायला हवे. तरीही ही पद्धत तीन हजार वर्षांच्या एका ग्रंथाला चिकटून आजवर टिकली, त्यामागे निव्वळ भोळेपणा नाही. नवशिक्याचे नुकसान होते ते नाणी टाकल्यामुळे नव्हे, तर उत्तर कसे वाचायचे हे माहीत नसल्यामुळे.

‘यी चिंग’ म्हणजे काय?

‘यी’ म्हणजे बदल आणि ‘चिंग’ म्हणजे प्रमाण मानलेला ग्रंथ. रोमन लिपीतील जुन्या स्पेलिंगमुळे आपल्याकडे अनेक जण त्याला ‘आय चिंग’ म्हणतात, पण मूळ उच्चार ‘यी’च्या जवळचा आहे. ग्रंथाचा गाभा चौ राजवटीच्या सुरुवातीच्या शतकांतला, म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. त्यात ६४ आकृत्या आहेत. प्रत्येक आकृती एकावर एक रचलेल्या सहा आडव्या रेघांची असते. सलग रेघ यांगची, मध्ये तुटलेली रेघ यिनची. प्रत्येक आकृतीला नाव आहे, एक छोटे भाष्य आहे आणि सहाही रेघांना स्वतंत्र वचन आहे. नंतरच्या काळात त्याला दहा टीकाखंड जोडले गेले. परंपरेने ते कन्फ्युशियसच्या नावावर आहेत, आजचे बहुतेक अभ्यासक ते मान्य करीत नाहीत. हान सम्राट वू याच्या काळात, इ. स. पूर्व १३६ मध्ये, राजमान्यता मिळालेल्या पाच अभिजात ग्रंथांत ‘यी चिंग’चा समावेश झाला. म्हणजे रस्त्यावरच्या शकुनवाल्याच्या हाती असलेला हा ग्रंथ त्याच वेळी दरबारी विद्वानांच्या अभ्यासाचाही विषय होता. त्याची ही दुहेरी ओळख आजही कायम आहे.

आपल्याकडच्या वाचकाला ६४ हा आकडा ओळखीचा वाटेल. पिंगलाच्या छंदशास्त्रात लघु आणि गुरू अशा दोनच प्रकारच्या अक्षरांच्या मांडणीतून सहा अक्षरी चरणाचे ६४ प्रकार निघतात. दोन पर्याय सहा जागी ठेवले की दुसरे काही होणे शक्यच नाही. दोन्हींचा एकमेकांशी संबंध जोडण्याची गरज नाही, हिशेब तेवढा एकच आहे.

नाणी कशी टाकतात?

कोणतीही तीन सारखी नाणी चालतात. चौकोनी भोकाची जुनी चिनी नाणी, किंवा त्यांच्या नकला, याच कामासाठी विकल्या जातात. रुपयाची तीन नाणीही तेच काम करतात. छापा म्हणजे तीन आणि काटा म्हणजे दोन असे आधी ठरवायचे. (चौकोनी भोकाच्या नाण्याची अक्षरांची बाजू यिन की यांग, यावर पुस्तकापुस्तकांत मतभेद आहेत. एकदा ठरवले की बदलायचे नाही, इतके पुरे.) तिन्ही नाणी एकदम टाकली की बेरीज सहा, सात, आठ किंवा नऊ येते. सात आली की सलग रेघ, आठ आली की तुटक रेघ. नऊ म्हणजे सलगच, पण ‘पिकलेली’, तुटक होण्याच्या बेतात असलेली. सहा म्हणजे तुटक, पण सलग होऊ घातलेली. या दोन्हींना बदलत्या रेघा म्हणतात. असे सहा वेळा करायचे आणि रेघा खालून वर काढत जायचे. वरून खाली काढणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. त्यात आकृतीच उलटी होते आणि भलतेच पान वाचले जाते.

समजा, कोणी विचारले की नोकरी सोडून स्वतःचा व्यवसाय सुरू करताना काय लक्षात घ्यावे. सहा फेकींत अनुक्रमे सात, सात, नऊ, आठ, सात, आठ अशा बेरजा आल्या. खालच्या तीन रेघा सलग आहेत, त्यांचे चिन्ह आकाश. वरच्या तीन तुटक, सलग, तुटक अशा आहेत, त्यांचे चिन्ह पाणी. आकाशावर पाणी आहे, म्हणजे ढग दाटले आहेत आणि पाऊस अजून पडायचा आहे. ही ग्रंथातली पाचवी आकृती, नाव ‘प्रतीक्षा’. तिच्या भाष्यात सचोटीने वाट पाहणाऱ्याला यश आहे, मोठी नदीही ओलांडता येईल, असा आशय येतो. तिसऱ्या फेकीत नऊ आल्याने तिसरी रेघ बदलती आहे. ती तुटक केली की दुसरी आकृती तयार होते. ती साठावी, नाव ‘मर्यादा’.

इथपर्यंत सगळे यांत्रिक आहे. आता वाचणाऱ्याचे काम सुरू होते. ‘प्रतीक्षा’ या आकृतीतल्या रेघा नदीकडे सरकत जातात. पहिली रेघ नदीपासून दूर मोकळ्या रानात थांबते, दुसरी वाळूत, तिसरी काठच्या चिखलात. चिखलात थांबून राहणारा शत्रूला आमंत्रण देतो, असा या तिसऱ्या रेघेचा इशारा आहे. मग उत्तर काय निघाले? ज्याला नोकरी सोडायची भीती वाटते, तो आकृतीचे नाव वाचेल आणि ‘थांबा’ असा अर्थ काढेल. ज्याने मनातून राजीनामा लिहून ठेवला आहे, तो चिखलाची रेघ वाचेल आणि ‘आता थांबलात तर बुडाल’ असा अर्थ काढेल. तिसरा कोणी ‘मर्यादा’वर बोट ठेवील आणि भांडवल किती घालायचे ते आधी ठरवा, असे सांगेल. नाणी एकच, पान एकच, आणि निर्णय तीन. हे सारे समोर ठेवून पाहिले की ‘ग्रंथाने सांगितले म्हणून केले’ या वाक्यात फारसा दम उरत नाही.

मग उत्तर इतके नेमके का वाटते?

१९४८ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे ‘खास’ वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकपणाला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच मजकूर वाटला होता, तोही भविष्याच्या पुस्तकातून जमवलेला. मोघम वाक्य आपल्यावर बेतलेले वाटणे हा मनाचा स्वभाव आहे. ‘यी चिंग’ची वचने तर मोघमपणात राशिभविष्याच्या कितीतरी पुढे आहेत. त्यांत रथ आहेत, पिवळी वस्त्रे आहेत, शेपूट भिजलेला कोल्हा आहे. कोणत्या अडचणीला यातले काय लागू करायचे, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.

पण याच मुद्द्याला दुसरी बाजू आहे आणि नुसती खिल्ली उडवणारे ती पाहत नाहीत. मनात घोळणाऱ्या प्रश्नावर बाहेरचे, अनपेक्षित वचन येऊन आदळले की माणूस त्याच त्या विचारांच्या चाकोरीतून थोडा बाहेर पडतो. वर उल्लेख केलेल्या तिन्ही वाचकांना आपला कल कुठे आहे, हे त्या पानाने दाखवून दिले. तेवढ्यासाठी नाण्यांत दैवी शक्ती असण्याची गरज नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी मात्र याहून मोठा दावा केला. रिचर्ड विल्हेल्म यांच्या १९२४ च्या जर्मन अनुवादाचे इंग्रजी भाषांतर १९५० मध्ये आले, त्याची प्रस्तावना युंग यांची आहे. प्रस्तावना लिहिताना त्यांनी नाणी टाकून खुद्द ग्रंथालाच त्याच्या या नव्या अवताराबद्दल विचारले. आली ती पन्नासावी आकृती, यज्ञपात्रासारख्या तीन पायांच्या कढईची. आपल्यातले पोषण लोकांच्या ध्यानात येत नाही, अशी ग्रंथच तक्रार करतो आहे, असा युंग यांनी अर्थ लावला. त्यांनी याला अर्थपूर्ण योगायोगाच्या आपल्या सिद्धांताचा आधार दिला. त्या सिद्धांताला प्रयोगाची कसोटी लावता येत नाही, त्यामुळे तो वाचायला रोचक आणि सिद्ध करायला अशक्य असाच राहिला. पाश्चात्त्य देशांत नाणी टाकण्याची हौस पसरली ती मात्र मुख्यतः याच पुस्तकामुळे. संगीतकार जॉन केज यांनी १९५१ मध्ये ‘म्युझिक ऑफ चेंजेस’ ही पियानोरचना नाणी टाकून बांधली. कोणता स्वर, किती लांब, किती मोठा, हे त्यांनी आपल्या आवडीवर सोडले नाही. आपल्या आवडीच्या बाहेर पडण्यासाठी नाणी वापरणे हा कदाचित या पद्धतीचा सर्वात प्रामाणिक उपयोग असावा.

नाण्यांची पद्धतच मूळची का?

नाही. प्राचीन पद्धत यॅरो या रानवनस्पतीच्या वाळलेल्या काड्यांची. ५० काड्या घ्यायच्या, एक बाजूला ठेवायची आणि उरलेल्या ४९ पुन्हा पुन्हा विभागून मोजायच्या. एका रेघेसाठी तीन वेळा, म्हणजे पूर्ण आकृतीला १८ वेळा. नाण्यांचा मार्ग परंपरेने हान काळातल्या चिंग फांग या जाणकाराच्या (इ. स. पूर्व ७७ ते ३७) नावावर सांगितला जातो. बाराव्या शतकातले थोर पंडित चू शी यांना ही घाई पसंत नव्हती. त्यांनी काड्यांची पद्धत नव्याने मांडली आणि किती रेघा बदलत्या आल्या तर काय वाचायचे, याचे नियम घालून दिले. एकच रेघ बदलती असेल तर तिचेच वचन वाचायचे, एकही नसेल तर आकृतीचे भाष्य, वगैरे. आजची अनेक पुस्तके कमी-अधिक फरकाने तेच नियम देतात.

फरक केवळ वेळेचा नाही. नाण्यांत सहा किंवा नऊ येण्याची शक्यता प्रत्येकी आठात एक असते. काड्यांत नऊ येण्याची शक्यता सोळात तीन, तर सहा येण्याची सोळात एक. दोन्ही पद्धतींत बदलत्या रेघा सरासरी सारख्याच येतात, पण काड्यांत यांग रेघ बदलण्याची शक्यता यिनच्या तिप्पट. ज्यांना हे विश्वाचे प्रतिबिंब वाटते, त्यांनी कोणते विश्व खरे मानायचे ते आधी ठरवलेले बरे.

आणखी एक गोष्ट अनेक नवशिक्यांना ठाऊक नसते. चीनमधले परंपरागत व्यावसायिक शकुनवाले तीन नाणी कासवाच्या कवचात खुळखुळवून टाकतात, पण पुढे ग्रंथातली वचने सहसा वाचतच नाहीत. चिंग फांगच्या परंपरेतून आलेल्या त्या पद्धतीत प्रत्येक रेघेला पंचांगातली चिन्हे, पंचतत्त्वे आणि नातेसंबंध जोडले जातात आणि प्रश्नाच्या दिवसाशी त्यांचा मेळ घातला जातो. म्हणजे नाणी टाकायची आणि विल्हेल्मचे पुस्तक उघडायचे, ही आज जगभर चालणारी रीत शकुनवाल्याची नाणी आणि पंडितांचा ग्रंथ यांची मोट बांधणारी आहे. त्यात वाईट काही नाही. फक्त ‘अस्सल प्राचीन विधी’ म्हणून कोणी तिचे पैसे मागत असेल, तर हे लक्षात असावे.

चिनी लोक स्वतः काय मानत आले?

या प्रश्नाचे सर्वात चांगले उत्तर ‘त्सो च्वान’ या प्राचीन बखरीत सापडते. लू राज्यात मू च्यांग नावाची राजमाता होती. दरबारातल्या कटकारस्थानात सामील झाल्याने तिला पूर्वेकडच्या महालात स्थानबद्ध करण्यात आले. तिथे जाताना शकुन पाहिला, तेव्हा ‘अनुसरण’ ही आकृती निघाली. शकुन सांगणारा म्हणाला, उत्तम आहे, तुम्ही लवकरच बाहेर पडाल. राजमातेने ते नाकारले. या आकृतीत शुभ सांगितले आहे ते खरे, पण ते चार सद्गुण अंगी असणाऱ्यासाठी, असे ती म्हणाली. आपण स्त्री असून कारस्थानात पडलो, राज्याला अस्वस्थ केले, स्वतःचाही घात केला. यातला एकही सद्गुण आपल्यापाशी नाही, तेव्हा आपण इथेच मरणार. इ. स. पूर्व ५६४ मध्ये तिचा त्याच महालात मृत्यू झाला.

त्याच बखरीत इ. स. पूर्व ५३० ची दुसरी कथा आहे. नान ख्वाई हा एका नगराचा कारभारी आपल्या मालक घराण्याविरुद्ध उठाव करण्याच्या बेतात होता. बेत न सांगता त्याने शकुन पाहिला. ‘धरणी’ या आकृतीची पाचवी रेघ आली, ग्रंथातल्या अत्यंत शुभ रेघांपैकी एक. तो हरखला आणि त्याने एका जाणत्या सरदाराला ती दाखवली. सरदाराने सांगितले, काम निष्ठेचे आणि विश्वासाचे असेल तर हे फळेल, नसेल तर नक्की फसेल. धोक्याच्या कामाबद्दल या ग्रंथाला विचारायचेच नसते. नान ख्वाईने ऐकले नाही. उठाव फसला आणि त्याला परमुलखात पळून जावे लागले.

दोन्ही कथांत शकुन शुभ होता आणि दोन्हीकडे शेवट वाईट झाला. बखर लिहिणाऱ्याला शकुनाची टिंगल करायची नव्हती, त्याचा त्यावर विश्वासच होता. पण अडीच हजार वर्षांपूर्वीही पान वाचण्याआधी माणूस वाचावा लागतो, हे त्याला माहीत होते. पुढे शुन त्झु या तत्त्वज्ञाच्या नावे असलेल्या ग्रंथात तर याहून पुढचे विधान येते. ज्याला ‘यी चिंग’ नीट कळला तो शकुन पाहतच नाही, असा त्याचा आशय.

मात्र चू शींची गोष्ट याच्या उलट बाजूची आहे, ती टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ११९५ मध्ये त्यांनी दरबारातल्या एका बलाढ्य अधिकाऱ्याविरुद्ध सडेतोड निवेदन लिहिले. ते पाठवले तर गुरूंच्या जिवावर बेतेल या भीतीने शिष्यांनी विनवले, निदान शकुन पाहून ठरवा. निघाली ‘माघार’. चू शींनी मसुदा जाळला आणि पुढे स्वतःला ‘माघार घेतलेला म्हातारा’ असे टोपणनाव घेतले. लवकरच त्यांच्या विचारसरणीवर बंदी आली, पण ते स्वतः वाचले आणि १२०० मध्ये गेले. शकुन खरा ठरला म्हणायचे का? शिष्य, मित्र, परिस्थिती, सगळे तेच सांगत होते. स्वाभिमानी माणसाला शिष्यांचे ऐकून माघार घेणे जड गेले असते, ग्रंथाचे ऐकून घेता आली.

नवशिक्याने करून पाहायचे तर?

प्रश्न लिहून काढण्यातच अर्धे काम होते. ‘यी चिंग’ हो किंवा नाही असे सांगत नाही. कोकणात-गोव्यात देवाला कौल लावतात तेव्हा पाकळी उजवीकडची पडली की डावीकडची, यावरून होकार-नकार कळतो असे मानतात. इथे तसे नाही. ‘हे केले तर होईल का’ असे विचारणाऱ्याच्या हाती गोंधळच लागतो. ‘यात मी काय पाहत नाही’ असा प्रश्न असेल तर निदान विचार सुरू होतो. आजारपणाचे निदान, शेअर बाजार, हरवलेला माणूस, जोडीदाराचा संशय यांसाठी नाण्यांकडे वळणे हे सरळ नुकसानीचे आहे. डॉक्टरकडे जायला आठवड्याचा उशीर झाला तर त्याची भरपाई कोणतीही आकृती करीत नाही.

दुसरा सापळा पुन्हा पुन्हा विचारण्याचा. समजा निम्म्या आकृत्या मनासारख्या वाटतात. मग तीनदा नाणी टाकली तर निदान एकदा मनासारखे उत्तर येण्याची शक्यता आठात सात. हा शकुन नव्हे, स्वतःलाच लाच देणे आहे. ग्रंथाला माणसाची ही खोड ठाऊक होती. ‘अजाण’ नावाच्या चौथ्या आकृतीच्या भाष्यात अशा नवशिक्याचीच कानउघाडणी आहे. पहिल्यांदा विचारले तर उत्तर मिळेल, दोन-तीनदा विचारणे हा आगाऊपणा आणि मग उत्तर नाही, असा त्याचा रोख. अ‍ॅपमध्ये ही अडचणच येत नाही. बटण दाबले की क्षणात नवी आकृती तयार, आधीची विसरलेली. नाणी हाताने टाकण्याचा, रेघा कागदावर काढण्याचा, पान शोधण्याचा जो वेळ जातो, तोच खरे तर या पद्धतीतला उपयोगी भाग आहे. अ‍ॅप नेमका तोच वाचवते.

म्हणून मोबाइल बाजूला ठेवून वही घेणे बरे. तारीख, प्रश्न, सहा बेरजा, वाचलेले पान आणि त्याचा आपण त्या दिवशी लावलेला अर्थ, हे सगळे लिहून ठेवायचे. पुढे काय घडले, ते सहा महिन्यांनी त्याखाली लिहायचे. ही काही आधुनिक युक्ती नाही. ‘यी चिंग’च्याही आधी, शांग राजांच्या काळात, हाडे आणि कासवाची कवचे तापवून त्यांना पडलेल्या तड्यांवरून शकुन पाहत. प्रश्न आणि राजाने लावलेला अर्थ त्याच हाडावर कोरत. काही हाडांवर त्यापुढे आणखी एक ओळ आहे. प्रत्यक्षात काय झाले, ते तिथे नंतर कोरले आहे.